मी बदललेलं तुझं उत्तर

कुंदा,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुझा जन्म कुठला, तू अमेरिकेत कधी आलीस, शाळेच्या स्वयंपाकघरात किती वर्षं काम केलंस, हे सगळं मी नीट टाइप करून मंडळाच्या वार्तापत्राकडे पाठवलं आहे. त्यात एकही चूक नाही. दोनदा तपासलं. चूक दुसरीकडे झाली आहे. ती माझी आहे, आणि ती कबूल केल्याशिवाय मला नातींना तोंड दाखवता येणार नाही.

हे मी त्यांच्यासाठी लिहिते आहे. मॉरिसव्हिलला त्यांची आई, मेधा, त्या दोघींना वाचून दाखवेल, अडेल तिथे समजावून सांगेल. पण बोलायचं आहे ते तुझ्याशी. त्यांना शेजारी बसून ऐकू दे.

फ्युनरल होमच्या त्या खोलीत तुझा निळ्या साडीतला फोटो ठेवला होता. मेधा थोरल्या इराला घेऊन विमानाने आली होती. बोलायला मोठी माणसं पुष्कळ होती, पण इरा म्हणाली, मलाही बोलायचंय. अकरा वर्षांची पोर, हातात शाळेच्या प्रोजेक्टचा कागद घेऊन सगळ्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, "माय कुंदाआजी वॉज शूर. दॅट्स अ मराठी वर्ड. इट मीन्स हार्डवर्किंग."

खोलीत चाळीस-पन्नास मराठी माणसं होती. मागे कोणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, लहान मुलांच्या बोलण्याला हसतात तसं. पहिल्या रांगेतल्या सुलभाताईंनी अगदी मायेने सांगितलं, "नाही गं बाळा, शूर म्हणजे ब्रेव्ह. हार्डवर्किंग म्हणजे कष्टाळू."

इराने माझ्याकडे पाहिलं. "बट आजी टोल्ड मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि कुंदा, मी हसून म्हटलं, "लहान आहे, गोंधळ झाला असेल तिचा."

तिने कागदाची घडी केली, परत एक घडी केली, आणि आईजवळ जाऊन बसली. परत जाताना विमानतळावर तिने मला मिठी मारली ती मेधाने खुणावलं म्हणून.

गोंधळ तिचा नव्हता. हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिसरी तू, ती फोटोत.

आता ऑक्टोबरातला तो रविवार. इराच्या वर्गात माणसाच्या अंगच्या गुणांवर काहीतरी चाललं होतं. बाईंनी मुलांना चोवीस कार्डं दिली होती, एकेका कार्डावर एकेक गुण. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं : यातला तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता? आणि तो कधी कामी आला, तो एक प्रसंग सांगा. इराने व्हिडिओ कॉल लावला. तू ओट्याशी मेथी निवडत होतीस, मी टेबलाशी चष्मा लावून बसले होते, वही पेन घेऊन. इरा सावकाश एकेक कार्ड वाचत होती आणि मी ते लिहून घेत होते, का कोण जाणे.

तिने आधी मला विचारलं. मी फार विचार केला नाही. "ऑनेस्टी," म्हटलं. प्रामाणिकपणा. प्रसंगही दिला, नागपूरला कॉलेजात असताना परीक्षेत जास्त पडलेले गुण मी स्वतः जाऊन कमी करून घेतले तो. तो मी सगळ्यांना सांगते. तू मेथीवरून मान वर न करता म्हणालीस, "चार गुण होते ना, वहिनी? मागल्या वेळी तीन होते." इराला ते कळलं नाही. मला कळलं.

मग तिने तुला विचारलं. तुला इंग्रजी समजायचं, आणि बोलायचीसही, तुझ्या पद्धतीने. पण नातींशी फोनवर तू मराठीतून बोलायचीस आणि मी मध्ये बसून सांगायचे, अशी आपल्या घरची रीत पडली होती. ती रीत मी पाडली होती. "तू राहू दे, तुझं इंग्रजी त्यांना कळत नाही," असं एकदा म्हटलं होतं मी, आणि तू राहू दिलंस.

तू हात धुतलेस, पदराला पुसलेस, स्क्रीनसमोर येऊन उभी राहिलीस. चोवीस कार्डांतून तुला एक क्षणही लागला नाही.

"सांग तिला, मी शूर आहे," तू म्हणालीस. "दादांना घरी आणलं ना, तेव्हा."

इरा विचारत होती, "व्हॉट्स शूर, आजी?"

मी म्हटलं, "इट मीन्स व्हेरी हार्डवर्किंग." आणि तिने प्रसंग विचारायच्या आत मीच तो देऊन टाकला : कुंदाआजीने अकरा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, बर्फ असो, आजारपण असो, एक दिवस चुकवला नाही. इरा खूश झाली. तिने तुझं चित्र काढायचं ठरवलं, केसांना जाळी आणि हातात मोठा डाव.

तू माझ्याकडे बघत होतीस. हार्डवर्किंग हा शब्द तुला ठाऊक होता, सुपरवायझरच्या तोंडून वर्षातून एकदा ऐकायचीसच. तू स्क्रीनकडे वळून मान हलवलीस. "येस, येस. हार्ड वर्क," म्हणालीस, आणि परत मेथीकडे गेलीस.

फोन बंद झाल्यावर एवढंच म्हणालीस, "वहिनी, शूरला इंग्रजीत शब्द नाही का?"

मी फ्रिज उघडून काहीतरी शोधायला लागले.

मुलींनो, दादा म्हणजे तुमचे आजोबा. कुंदाआजी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तिचा नवरा, प्रकाश, लवकर गेला, आणि मग ती आमच्या घरी राहायला आली ती कायमची. आजोबांना घरी आणलं म्हणजे काय, हे मी तुमच्या आईलाही कधी धड सांगितलेलं नाही. आज सांगते.

त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं यांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. माझ्याकडे एक फाइल होती, कुंदा, तू तिला वहिनींची पोथी म्हणायचीस. औषधांचं पान वेगळं, वजनाचं वेगळं, किती पाणी प्यायले त्याचं वेगळं, रंगीत चिठ्ठ्या लावलेलं. डॉक्टर माझं कौतुक करायचे. यांनी "बास आता" म्हटलं की मी त्या फाइलमधून काहीतरी काढून दाखवायचे : हे बघा, मागच्या महिन्यापेक्षा आकडा चांगला आहे. मला वाटायचं, व्यवस्थितपणा हा माझा गुण आहे. आता वाटतं, मला भीती वाटली की मी कागद लावते. एवढंच आहे ते.

शेवटच्या वेळी हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. जन्मभर इंग्रजीतून कामं केलेला माणूस, पण त्या आठवड्यांत फक्त मराठीच बोलत होते. नर्सने विचारलं, मराठीचा दुभाषा फोनवर बोलावू का? मी म्हटलं, कशाला, मी आहे ना. डॉक्टरीणबाई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, यांना स्वतःला काय हवं आहे ते मला ऐकायचं आहे.

हे म्हणाले, "मला घरी न्या. मशीन नको आता."

मी म्हटलं, "ही सेज ही इज व्हेरी टायर्ड टुडे."

तू खिडकीपाशी माझा आणि तुझा कोट हातात घेऊन उभी होतीस. त्या खोलीत तुला कोणी काही विचारलं नव्हतं. तू एक पाऊल पुढे आलीस आणि तुझ्या त्या इंग्रजीत म्हणालीस, "नो. नॉट टायर्ड. ही से, नो मशीन. ही से, होम."

मी म्हटलं, "कुंदा, गप्प बस." तू नाही बसलीस. परत म्हणालीस, "होम. टू टाइम ही से."

डॉक्टरीणबाईंनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नर्सला फोन लावायला सांगितला. स्पीकरमधून कोणा अनोळखी माणसाचा आवाज आला, "नमस्कार काका, डॉक्टर विचारतायत, तुम्हाला काय हवंय?" आणि यांनी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. मला सांगता येत नव्हतं ते सगळं.

परत येताना गाडी तू चालवत होतीस, कारण बर्फात हायवेवर माझा धीर होत नाही. मी तुला जे बोलले ते इथे लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी तेही बदलून टाकेन. मी म्हटलं, "तू कोण गं त्यांच्या वतीने बोलणारी? तुझं काय जातंय? तुझा माणूस तर आधीच गेलाय."

वायपर चालू होते. मग म्हणालीस, "त्यांच्या वतीने नाही बोलले, वहिनी. ते बोलले तेच बोलले."

आपलं भांडण तिथेच थांबलं. संपलं नाही. घरी पोचलो, गॅरेजचं दार उघडलं, तू म्हणालीस भाजी काय करू, आणि पुढे सहा वर्षं आपण भाजी काय करायची हेच बोललो.

ते घरी नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांचं देणं माझ्यावर तुझं आहे आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही. पहिल्या सकाळी त्यांनी चहा मागितला. मी सवयीने मापाचा पेला काढला, पाणी मोजून द्यायचं होतं ना चार वर्षं. तू माझ्या हातातून तो पेला काढून घेतलास. "आता मोजायचं नाही." आणि काठोकाठ भरलेला कप दिलास, आलं घातलेला. त्यांनी तो संपवायला पाऊण तास घेतला. मधेच मला म्हणाले, "तू पण घे ना." चार वर्षांत मी त्यांच्यासमोर बसून चहा प्याले नव्हते, त्यांना देता येत नाही म्हणून. त्या दिवशी प्याले. अंगणात मागच्या वर्षीची तुझी अंबाडी वाळून उभी होती, बर्फातून काड्या दिसत होत्या. ते म्हणाले, "कुंदाला म्हणावं, यंदा जास्त लाव." काय बोलत होते त्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघंही हसलो.

तर हा तुझा प्रसंग. तू तो एका वाक्यात सांगितलास, आणि मी तो ओळखला म्हणूनच बदलला. शब्द अडला म्हणून नाही. इराला खरं सांगायचं तर तिने पुढचं विचारलं असतं : तू कशासाठी शूर झालीस, कोणासमोर उभी राहिलीस? आणि उत्तरात मी निघाले असते.

आणखी एक कळतंय, ते जास्त लागतं. हॉस्पिटलात मी उत्तर बदललं तेव्हा तू मला अडवलंस. ऑक्टोबरात बदललं तेव्हा अडवलं नाहीस. पहिलं उत्तर दादांचं होतं. दुसरं नुसतं तुझं होतं. मी इतकी वर्षं तुला आगाऊ म्हणत आले, मंडळात, मेधाजवळ, सगळीकडे. आगाऊ माणूस स्वतःसाठी बोलतो. तू स्वतःसाठी बोलल्याचं मला एकदाच आठवतं. शाळेच्या स्वयंपाकघरात कोणीतरी तुझ्या उच्चारांची नक्कल केली होती, आणि तू त्या बाईला म्हणाली होतीस, "फर्स्ट यू से माय नेम. देन लाफ." रात्री जेवताना तू ते हसत हसत सांगितलंस. हे टाळी द्यायला हात पुढे करत होते. मी काय केलं? मी तुझं वाक्य दुरुस्त केलं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी चार महिने होते माझ्याकडे. रोज सकाळी समोरासमोर बसून आपण पोहे खाल्ले. "चुकले गं" एवढंच म्हणायचं होतं. मी ठरवत होते की दिवाळी होऊ दे, मग मेधा नाताळात येऊन जाऊ दे. तुला इतकी घाई असेल असं मला वाटलं नाही. मोठी मी होते, आधी जायचा नंबर माझा होता. त्याआधी मी एक दिवस धीर गोळा करून बोलेन असं मनात होतं. गेल्या दोन आठवड्यांत रोज मनात तुझ्याशी बोलते. तू मनातही पूर्वीसारखीच आहेस, माझं वाक्य संपायच्या आत "असू दे" म्हणतेस. कुंदा, नको म्हणूस. असू देऊ नकोस.

मागच्या रविवारी मी इराला फोन केला. मेधाला म्हटलं, तू बाजूला हो, मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय. इंग्रजीतून बोलले, म्हणजे मध्ये कोणी लागायला नको. सगळं सांगितलं. आजोबा काय म्हणाले, मी काय सांगितलं, तू काय सांगितलंस. ऑक्टोबरात तू काय म्हणाली होतीस आणि मी काय केलं.

"सो आय वॉझन्ट राँग," ती म्हणाली.

"नाही. तुझी चूक नव्हती."

"यू सेड आय वॉज मिक्स्ड अप. इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी."

"हो."

"देन यू हॅव टू टेल एव्हरीबडी."

बघ, तुझ्याकडे राहिलेली पोर आहे. उन्हाळ्यात दर वर्षी दोन महिने तुझ्या खोलीत झोपायची, त्याचं हे.

काल शनिवार. इथल्या, नेपरव्हिलच्या लायब्ररीत आपला ज्येष्ठांचा गट जमतो तिथे मी गेले. पाच मिनिटं मागून घेतली. उभी राहिले आणि म्हटलं, त्या दिवशी माझी नात चुकली नव्हती. मी तिला चुकीचा अर्थ शिकवला होता, तोही मुद्दाम, आणि चारचौघांत तिच्यावर ढकलला. कुंदाने स्वतःचा गुण शूरपणा सांगितला होता आणि तो खरा होता. का, ते विचाराल तर तेही सांगते. मग यांच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. मधे पाणी प्याले, पुढे बोलले.

कोणी मला समजावलं नाही, ते बरं झालं. सुलभाताई रडत होत्या. देशपांडेकाका म्हणाले, "कुंदाताईंना नुसतं कष्टाळू म्हटलं तेव्हा आम्हाला जरा विचित्रच वाटलं होतं." मग एकेक जण सांगायला लागला. कोणाच्या मुलाला घटस्फोटानंतर मंडळात कोणी बोलावत नव्हतं, तू त्याचा हात धरून गणपतीला आणलं होतंस. सुलभाताईंना स्तनात गाठ लागली होती, त्यांनी ती घरी लपवली होती, तू त्यांना गाडीत घालून तपासणीला नेलंस आणि तीन तास बाहेर बसून राहिलीस. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. सांगू नकोस असं त्यांनी म्हटलं असणार, आणि तू सांगितलं नाहीस. चौदा वर्षं एका छताखाली राहून मला तुझी माहिती लायब्ररीच्या खोलीत, लोकांकडून मिळाली.

घरी येऊन इराला फोन लावला. तिने विचारलं, "डिड दे गेट मॅड?"

"नाही. रडले थोडे."

"ओके," ती म्हणाली. मागे धाकटी रेवा काहीतरी ओरडत होती, ती तिला गप्प करून परत आली. मग म्हणाली, "आजी, डिड आजोबा नो? की तू चेंज केलं ते?"

हा प्रश्न सहा वर्षांत मी स्वतःला विचारला नव्हता. डॉक्टरीणबाईंना कळलं का, तुला काय वाटलं, मेधाला कोणी सांगितलं तर काय, हे सगळं घोळवलं. आणि ते तर तिथेच निजले होते, माझ्या हातात हात देऊन. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येत होतं. मी "टायर्ड" म्हटल्यावर त्यांनी मान वळवली होती. खिडकीकडे, तुझ्याकडे. मी ते तेव्हाही पाहिलं होतं. तू उगाच पुढे आली नव्हतीस.

"हो," मी इराला म्हटलं. "ही न्यू."

"बट ही स्टिल आस्क्ड फॉर होम," ती म्हणाली. "अँड दॅट्स व्हेअर यू वर."

कुंदा, फोन कानाशी धरून मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले, आणि ती पलीकडून "आजी? आजी?" करत राहिली. तू असतीस तर माझ्या हातातून फोन घेऊन तिला काहीतरी बोलली असतीस.